वाळू झाडायला कोण येणार

रोझने बाही कोपराच्या वर सरकवली, हात दुकानातल्या टाकीत घातला आणि वाळूच्या पोटातून एक राखाडी तारामासा उपसून ऑर्व्हिल लिंडक्विस्टच्या नाकासमोर धरला.

"हा तुमची वाळू दुधासारखी करील."

"मग द्या की."

"आणि दोन-तीन महिन्यांत उपाशी मरेल. तुमच्या एवढ्याशा टाकीतली वाळू म्हणजे ह्याचा नाश्ता."

ऑर्व्हिलने तारामाशाकडे पाहिले, मग बायकोकडे. मॅक्सीन मिठाच्या पिशव्यांशेजारच्या खुर्चीत कोट न काढता बसली होती.

"माझ्याकडे बघू नकोस. तू आणखी एखादं प्रवाळ उचलू नयेस म्हणून मी आलेय."

"क्लबात तासन्‌तास बर्फ झाडतो हा," ती रोझला म्हणाली. "दगड नीट घसरावा म्हणून. घरची वाळू झाडायला मात्र जनावर हवं."

कर्लिंग ह्या बर्फावरच्या खेळाचा हा असा सारांश ऑर्व्हिलने लग्न झाल्यापासून ऐकला होता. बंदरातल्या क्रेनवरून निवृत्त झाल्यावर त्याने जेवणाच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. प्रवाळे वाढली, मासे रमले. पण तळाच्या वाळूवर तपकिरी साय धरू लागली. तो वाळू खरवडी, पाणी बदली. आठवड्यात साय परत हजर. गुरुवारी मॅक्सीनकडे पत्ते खेळायला येणाऱ्या आर्डिसने एकदा वाकून विचारले, "तळाशी ग्रेव्ही सांडलीय का?" त्या रात्री मॅक्सीनने निर्वाणीचे सांगितले: ईस्टरपर्यंत वाळू पांढरी, नाहीतर टाकी पुतण्याकडे. पुतण्याकडे मांजरे होती. दुकानाच्या खिडकीबाहेर डलूथ गावचा गोठलेला मार्च होता आणि ईस्टर तोंडावर आला होता.

रोझने पुढची टाकी दाखवली. खरबीच्या कुळातला एक पिवळ्या डोक्याचा मासा तोंडात वाळू भरून घेत होता आणि कल्ल्यांतून गाळून सोडत होता.

"कष्टाळू दिसतो," ऑर्व्हिल म्हणाला.

"फार. फक्त वर जाऊन सोडतो. तुमची प्रवाळं वाळूखाली गाडली जातील."

"म्हणजे केर काढायचा आणि पाहुण्यांच्या डोक्यावर ओतायचा," मॅक्सीन म्हणाली. "अगदी तुझा भाऊ, ऑर्व्हिल."

त्यापुढच्या टाकीतली समुद्रकाकडी, म्हणजे काकडीच्या आकाराचा एक मऊ प्राणी, एका टोकाने मळकी वाळू खाई आणि दुसऱ्या टोकाने स्वच्छ वाळू सोडी. स्वभाव गरीब; मात्र मेलीच, तर विष सोडून सगळ्या टाकीला बरोबर नेण्याचा संभव.

"तुझी एथेल मावशी," ऑर्व्हिलने हिशेब चुकता केला.

संन्यासी खेकडा रोझने स्वतःच बाद केला. तो बरी वाटलेली गोगलगाय मारून तिच्या शंखात राहायला जातो. संन्याशाला घराची एवढी हाव असू नये, पण असते.

"आधी सांगा," हात पुसत रोझ म्हणाली, "माशांना खायला कोण घालतं?"

"मीच. सकाळी एक चिमूट."

"एका चिमटीवर एवढी साय धरत नाही. बरं, तुम्ही टाकीपाशी गेलात की मासे कुठे येतात?"

ऑर्व्हिलने घरची टाकी डोळ्यांसमोर आणली. मासे त्याच्याकडे येतच नसत. त्याला वाटे, माशांची जातच थंड. सगळे डाव्या कोपऱ्यात, काचेला नाक लावून, दाटी करून उभे असत. त्या कोपऱ्याबाहेर मॅक्सीनची गोधडी शिवायची खुर्ची होती.

मॅक्सीनने मिठाची एक पिशवी मांडीवर घेतली होती आणि मागचा मजकूर ती अतिशय मन लावून वाचत होती.

"मासे ना?" ऑर्व्हिल म्हणाला. "असतात इकडेतिकडे. नेम नाही त्यांचा."

रोझने त्याच्याकडे पाहिले, मॅक्सीनकडे पाहिले आणि पुढे विचारले नाही.

"सांडलेलं खाणारं काही आहे का?" त्याने आवाज न चढवता विचारले. "म्हणजे समजा, एखाद्याच्या हातून जरा सढळ पडलं."

रोझने शेवटच्या टाकीत कोळंबीचा तुकडा टाकला. नुसती वाळू होती; ती हलली. मग जागोजागी गोगलगायी वर आल्या, प्रत्येकीची बारीक सोंड उभारलेली, आणि लगबगीने वासाकडे निघाल्या. त्यांच्यामागून एक जाडजूड जिवंत शंख देठांवरचे दोन डोळे फिरवत वाळूवरची साय चाटत चालला होता.

"अगं बाई," काचेपाशी मॅक्सीन म्हणाली. ती खुर्चीतून केव्हा उठली, कुणाला कळले नाही. "हा बघतोय माझ्याकडे."

"मूठभर गोगलगायी द्या," ऑर्व्हिल म्हणाला. "आणि तो बघणारा."

घरी आल्यावर त्यांना बादलीत ठेवून टाकीचे पाणी थेंबथेंब सोडावे लागले, नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून. बादली पायात येते म्हणून मॅक्सीन कुरकुरली आणि ती पायात येऊ नये म्हणून तिच्याशेजारीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिल कर्लिंगची पिशवी घेऊन निघाला.

"रोझ म्हणत होती, ह्यांना दुपारी एक चिमूट लागते," तो दारातून म्हणाला. रोझ असे काही म्हणाली नव्हती. "मी तर दुपारी नसतो. क्लब सोडावा म्हणतो काही दिवस."

"काही गरज नाही," मॅक्सीन जरा घाईनेच म्हणाली. मग तिने टोस्टला लोणी लावले. "तेवढं मी बघीन. तूर्तास."

"एकच चिमूट हं. लहान."

तिने सुरी बशीवर ठेवली.

"लहान चिमटीत त्याला काही मिळायचं नाही."

"कुणाला?"

"नारिंगी माशांतल्या त्या दुसऱ्याला. तो मागे राहतो. दुसऱ्यांचं झालं की मग येतो बिचारा, तोवर संपलेलं असतं. त्याला वेगळं घालावं लागतं."

ऑर्व्हिलला ते दोन नारिंगी मासे आजवर कधी वेगळे ओळखता आले नव्हते. त्याने पिशवी खाली ठेवली आणि कोट काढला.

"कुठला तो?" त्याने विचारले. "दाखव."