भिंगरी बसते ती खुर्ची

मी एक खुर्ची, वेताने विणलेल्या बैठकीची. सुताराने मला घडवलं तेव्हा मागचा एक पाय नखभर आखूड राहिला. म्हणून कुणी बसलं की मी किंचित डुगडुगते. या खोडीपायी दाताच्या दवाखान्यातून माझी उचलबांगडी झाली आणि एका चित्रकार बाईंनी मला आपल्या खोलीत, खिडकीपाशी जागा दिली.

बाई फक्त बायकामुलींची चित्रं काढायच्या, आणि त्याही जगात कुठे नसलेल्या. छपरावर चढून कौलं बदलणारी पोर, भर वादळात होडी हाकणारी म्हातारी, वर्गाबाहेर काढलं तर खिडकीतून पुन्हा आत शिरणारी मुलगी. समोर कुणी बसलेलं नसायचं. तरी बाई रंगवायच्या त्या माझ्याकडे बघत.

पहिल्यांदा मी दचकलेच. खोलीत बाईंखेरीज चिटपाखरू नाही, आणि कुणी अंगावर वजन टाकून बसावं तसा माझा वेत करकरला. मी डुगडुगले. बाईंनी मान वर केली आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "हनुवटी जरा वर घे."

चित्र पुरं झालं की ते वजन उठून जायचं, पुन्हा फिरकायचं नाही. मलाही सवय झाली.

मग एक दिवस मागच्या गल्लीत शिवणकाम करणारी एक आई आली. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती.

"माझी भिंगरी दोन वर्षांची असताना गेली. तापाने," ती म्हणाली. "आज असती तर सतरा पुरी झाली असती. तशी काढून द्याल?"

"फोटो आहे?"

"नाही हो. मुलीचा कसला फोटो काढायचा, म्हणाले घरचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यावर जे येऊन बसलं, ते उशीएवढं हलकं होतं. टाचा माझ्या कडेवर आपटत होतं. पण ते रोज जड होत गेलं. दोन आठवड्यांत माझ्यावर सतरा वर्षांची पोर बसू लागली. एका जागी ठरेल तर शपथ!

आई रोज दुपारी काम टाकून बघायला यायची.

"ही फार शहाणी दिसतेय," एकदा ती म्हणाली. "माझी तर चावायची. डॉक्टरांनासुद्धा चावली होती."

बाई हसल्या. त्यांनी चित्रातली एक भुवई चढवली, बाह्या कोपरापर्यंत सारल्या. "आता?"

आईने टेपचं टोक दातात धरलं.

चित्र तिच्या घरी गेलं. वजन मात्र माझ्यावरून उठेना. बाई नवं चित्र काढायला बसल्या, तर प्रत्येक चेहऱ्याला तीच चढलेली भुवई येऊ लागली.

तिसऱ्या दिवशी आई धापा टाकत आली. "बाई, चेहरा तिचाच आहे, पण चित्रात ती नाहीये." बोलता बोलता टेकायला म्हणून ती वाकली. तिचा हात माझ्या बैठकीला लागला आणि ती तशीच थबकली.

"इथे कोण बसलं होतं?"

"कुणी नाही. सकाळपासून मी एकटीच आहे."

"मग ही गरम कशी?"

बाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग आईने मला दोन्ही हातांनी उचललं. "जड आहे हो," ती म्हणाली. हसत होती की रडत होती, कळेना. बाईंनी दार उघडून धरलं. एवढीशी खुर्ची नेताना ही घामाघूम का झालीय, म्हणून लोक रस्त्यात थांबून बघत होते.

त्याला आठ वर्षं झाली. मी आता आईच्या दुकानात, शिलाई मशीनसमोर असते. आई गिऱ्हाइकांच्या गमती मला, म्हणजे तिला, सांगते. दरवर्षी तिच्यासाठी एक ड्रेस शिवते. भिंगरी रुसली की मला मागच्या दोन पायांवर झुलवते, आणि आई मशीन न थांबवता ओरडते, "पडशील गं!" त्यावेळी दुकानात कुणी असेल, तर घाईचं काही तरी कारण काढून निघून जातं.

गेल्या वर्षापासून भिंगरी उठून जाऊ लागली. आधी तासभर, मग दिवस दिवस. परत येते तेव्हा माझ्या वेतात वाळू अडकते. इथे जवळपास वाळू कुठेच नाही. आई एवढंच म्हणाली, "सांगून जात जा."

या खेपेला एकवीस दिवस झाले. आईने नवा ड्रेस माझ्या पाठीवर टांगून ठेवला होता. आज सकाळी बघते तर तो नाही. दाराला आतून कडी तशीच.

आईने माझ्या रिकाम्या पाठीवरून हात फिरवला. घाबरली नाही. "नेला वाटतं," ती म्हणाली, आणि मग हळहळली, "खिसे लावायला हवे होते."

तुम्ही कधी इथे कपडे शिवायला आलात, तर स्टुलावर बसा. माझ्यावर नको. भिंगरी सांगून जात नाही, तशी सांगून येतही नाही. आई पुढचा ड्रेस बेतायला बसली आहे. दोन्ही बाजूंना खिसे, चांगले खोल.