अर्ध्या सुताचा फरक

मी एक जुनी, रुंद खुर्ची आहे. रुंद हे मुद्दाम सांगते, कारण मला पाहिल्यावर लोक आधी तेच बोलतात. "ही खुर्ची आहे की बाक?" असे विचारतात. मित्रांनो, मी बाक नाही. मला एकाच बाईसाठी केले होते, आणि ती बाई आता नाही.

तिचा नवरा सुतार. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, तीसुद्धा. ती घरी बसून पडदे शिवायची. अंगाने खूप जाड होती. एकदा भाचीच्या शाळेत कार्यक्रमाला गेली असताना तिच्याखाली प्लास्टिकची खुर्ची मोडली. लोक उचलायला धावले, पण धावण्याआधी हसले. ते हसू तिने ऐकले. शेजारी बसलेल्या मिस्त्रीनेही ऐकले.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातला एक जुना दरवाजा सुटा केला. लाकूड मिळाले, पण माप कसे घ्यायचे? टेप घेऊन बायकोच्या मागे उभे राहायचा त्याला धीर होईना. मग त्याने लाकडाच्या भुशाचा ढीग सारखा केला आणि तिला म्हणाला, "जरा बस गं यावर. भुसा दाबून घ्यायचाय."

"का? रोड रोलर मिळाला नाही वाटतं!" ती म्हणाली. पण बसली. ती उठल्यावर भुशात जो खळगा राहिला, तेवढी मी झाले. मला हात ठेवले नाहीत, म्हणजे तिला कुठे आवळायला नको. पाठीला पाच उभ्या पट्ट्या. पाय असे जाड, की मिस्त्री स्वतः माझ्यावर चढून दोन उड्या मारून खाली उतरला.

अकरा वर्षे ती माझ्यावर बसून शिवत होती. एक लांब शिवण संपली की ती मागे टेकायची आणि मी हलकेच कुरकुरायचे. तो आमचा बोलण्याचा प्रकार होता. तिची धाकटी बहीण आली की म्हणायची, "भाऊजी, ताईला सिंहासन केलंत. आम्हाला निदान एक स्टूल तरी करा!" मला अभिमान वाटायचा. माझे दिवस चांगले चालले होते.

पण तिचे चांगले चालले नव्हते. गुडघे सुजत. रक्तातली साखर वाढली होती. बहीण राहायची तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. चार वर्षे झाली, तिने बहिणीचे घर आतून पाहिले नव्हते. बहीण फोनवर दाखवायची, हा ओटा, ही खिडकी. ती बघायची आणि म्हणायची, "छान आहे गं."

शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले. पोटाची पिशवी कापून लहान करायची, म्हणजे खाणे कमी होते आणि वजन उतरते. मिस्त्रीला ते पटेना.

"चांगलं पोट कापायचं? मी चांगली फळी कधी कापत नाही."

"मी फळी नाही, मिस्त्री." ती माझ्यावर बसूनच हे बोलली. "मला तिसरा मजला चढायचाय. आणि तुमच्या खुर्चीशिवाय दुसरीकडेही बसता यायला पाहिजे हो मला."

मित्रांनो, मला वाईट वाटले. मी स्वतःचाच विचार केला. ती बारीक झाली तर माझे काय, असे माझ्या मनात आले. ते आज सांगायलाही लाज वाटते.

ऑपरेशन नीट झाले. चौथ्या दिवशी ती घरी आली. पलंगावर आडवे होताना पोटावरचे टाके ओढले जात, म्हणून दिवसभर ती माझ्यावरच बसू लागली. शिलाई मशीन बाजूला सारून त्यावर कापड टाकले होते. मला खिडकीशी ठेवले होते.

ते दिवस सोपे नव्हते. पोट बरे होते आहे, म्हणजे माणूस बरा होतोच असे नाही. दोन आठवडे फक्त पातळ प्यायचे. तेही औषधाच्या बाटलीवर येतो तेवढ्या छोट्या पेल्यातून, घोट घोट करून. मिस्त्री पंधरा पंधरा मिनिटांचा गजर लावायचा. गजर झाला की एक पेला. दर तासाला उठून दारापर्यंत चालायचे. एक प्लास्टिकचे यंत्र होते, त्याच्या नळीतून श्वास आत ओढला की तीन गोळ्या वर चढत. तिला दोनच चढवता येत. तिसरी गोळी अर्ध्यातून खाली पडली की ती यंत्र मांडीवर ठेवून द्यायची.

शेजाऱ्यांकडून फोडणीचा वास आला की तिचे डोळे भरत. भूक नसायची, तरी भरत. मिस्त्री ताट घेऊन बाहेर जिन्यापाशी उभा राहून जेवायचा, म्हणजे तिला दिसायला नको.

"आत या हो," ती म्हणायची. "शेजाऱ्यांना वाटेल, मी हाकलून दिलंय तुम्हाला."

"बाहेर हवा चांगली आहे," तो म्हणायचा.

हॉस्पिटलच्या नर्सबाईंनी एक कागद दिला होता. तो मिस्त्रीने फ्रिजवर चिकटवला. कशासाठी लगेच फोन करायचा, ते त्यावर लिहिले होते. ताप आला तर. बसल्या जागी छाती धडधडली तर. धाप लागली तर. डावा खांदा दुखला तर.

घरी आल्या आल्याच तिचा खांदा दुखू लागला. मिस्त्रीने लगेच फोन केला. नर्सबाईंनी सगळे नीट विचारले. ताप नव्हता, धाप नव्हती. त्या म्हणाल्या, "ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात. तो खांद्याला लागतो कधी कधी. त्यांना चालतं ठेवा, दोन दिवसांत जाईल. नाही गेला तर परत फोन करा." आणि तसेच झाले. दोन दिवसांत खांदा दुखायचा थांबला.

आता मिस्त्रीची एक सवय सांगते. दुकानात तो कामांची यादी भिंतीवर लावायचा, आणि काम झाले की कानावरची पेन्सिल काढून ती ओळ खोडायचा. खोडलेल्या ओळीकडे तो पुन्हा बघत नसे. खांदा थांबला त्या सकाळी तो फ्रिजपाशी गेला, कानावरची पेन्सिल काढली आणि खांद्याची ओळ खोडली. नंतर रोज मोजूनही ताप निघेना, तेव्हा तापाचीही खोडली आणि मोजणे थांबवले.

दहाव्या दिवशी वजन केले. सात किलो उतरले होते. ती हसली. मिस्त्रीने बहिणीला फोन लावला आणि "सात! सात!" एवढेच ओरडला. त्या दिवशी घरात सगळे मोकळे झाले होते.

अकराव्या दिवशी ती म्हणाली, "मिस्त्री, ही खुर्ची टोचतेय. इथे, डाव्या खांद्याला."

मिस्त्रीने तिला पलंगावर बसवले आणि माझ्यामागे उकिडवा बसला. माझ्या पाठीवर पट्टी धरून डोळा बारीक करून पाहिले. डावीकडची पट्टी जरा पुढे आली होती. अकरा वर्षांत लाकूड तेवढे सरकणारच. इंचाचे आठ भाग केले, की त्यातल्या एकाला सुतार सूत म्हणतात.

"अर्धं सूत फरक आहे!" तो आनंदाने म्हणाला. "सापडलं बघ."

त्याने रंधा आणला आणि पट्टी तासली. मित्रांनो, खरे सांगते, मला बरे वाटले. इतक्या वर्षांनी अंगावरून रंधा फिरत होता. ती परत बसली, टेकली.

"आता?"

"आता बरंय," ती म्हणाली. तो गुडघ्यांवर बसून, भुसा अंगावर घेऊन तिच्याकडे बघत होता. दुसरे काय म्हणणार ती?

बाराव्या दिवशी बहीण आली. तिने ताईचा हात हातात घेतला. "ताई, हात गरम लागतोय गं तुझा."

"खिडकीत बसलेय ना दिवसभर. ऊन येतं."

मिस्त्रीने लगेच मला तिच्यासकट सरकवायला घेतले. "अहो, मला उठू तरी द्या!" ती म्हणाली आणि तिघेही हसले. मला भिंतीशी ठेवले. तिथे ऊन नव्हते. तरी तिची पाठ गरमच होती. ते मला कळत होते, कारण मी तिच्या पाठीला लागून होते. तिच्या छातीचे ठोके माझ्या पट्ट्यांत येत होते. मशीन भरधाव चालवल्यावर यायचे तसे. पण मशीन तर झाकलेले होते.

तेराव्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "नर्सबाईंना विचारू का?"

"कशाला? बोलावून घेतील. परत त्या सुया. मला नाही जायचं तिकडे." मग जरा थांबून म्हणाली, "खुर्चीच टोचतेय हो."

तिला ते खरे असायला हवे होते. त्यालाही. खुर्ची त्याला दुरुस्त करता येत होती. त्याने डावी पट्टी पूर्ण काढली, पातळ केली, परत बसवली, वर उशी बांधली. जेवायचेही विसरला. इतक्या मायेने माझ्यासाठी कोणी कधी काम केले नव्हते, आणि त्यातले एकही काम उपयोगाचे नव्हते.

चौदाव्या दिवशी सकाळी ती चालायला उठली. माझ्या कडेला धरून उभी राहिली आणि तशीच खाली बसली. ओठ कोरडे पडले होते. श्वास आखूड झाला होता. मिस्त्री पॉलिश पेपर घेऊन पुढे आला.

तिने त्याचा हात धरला. "मिस्त्री, ती खुर्ची नाहीये हो," ती म्हणाली. "मी आहे. मला होतंय काहीतरी."

त्यानंतरचे मी पाहिले नाही. ॲम्ब्युलन्स आली, तिला नेले, घर रिकामे झाले. पुढचे मी लोकांच्या बोलण्यातून ऐकले. पोटाच्या पिशवीची शिवण एका जागी सुटली होती. तिथून झिरपलेले आत पसरले होते. पोटातला तो त्रास कधी कधी डाव्या खांद्याला टोचल्यासारखा जाणवतो. दुसरे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी नऊ दिवस शर्थ केली. दहाव्या दिवशी ती गेली.

मिस्त्रीने डॉक्टरांना विचारले होते, "तीन दिवस आधी आणलं असतं तर?"  डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले.

मला दुकानात नेले आणि तोंड भिंतीकडे करून ठेवले. माझ्यावर फळ्या रचल्या. दोन महिने मिस्त्रीने मला पाहिले नाही. मग एका दुपारी त्याने फळ्या उतरवल्या, मला आडवे पाडले आणि माझ्या पायाला करवत लावली. करवतीचे दोन फेर झाले तोच दारात बहीण उभी राहिली.

"भाऊजी, त्या खुर्चीनं काय केलंय?"

"तीन दिवस घालवले मी हिच्यावर. तीन दिवस!" मिस्त्री म्हणाला. "ती दुखतंय म्हणत होती आणि मी लाकूड तासत होतो."

बहीण फळ्यांच्या ढिगावर बसली.  मग म्हणाली, "हात मी धरला होता ताईचा. गरम होता. मी पण हसले आणि घरी गेले. मग मलाही कापा की."

मिस्त्रीने करवत खाली ठेवली. तिथेच भुशात बसला आणि रडला. त्याचे रडणे मी पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या दिवशी दोघे फ्रिजवरचा कागद घेऊन हॉस्पिटलात गेले. मलाही टेंपोत घालून नेले. नर्सबाईंनी कागद पाहिला. "या ओळी कुणी खोडल्या?"

"मी," मिस्त्री म्हणाला. "मला वाटलं, झालं ते काम."

नर्सबाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्याने रागावून घ्यायची तयारी केली होती, म्हणून ते त्याला जास्त लागले. तो म्हणाला, "माझी एक विनंती आहे. खांद्याची ओळ दोनदा लिहा. पहिल्यांदा दुखला तर फोन करा. थांबून परत दुखला तर कागद बाजूला ठेवा आणि पेशंटला घेऊन निघा. आणि खाली लिहा, की या ओळी खोडायच्या नाहीत. माझ्यासारखे असतात लोक."

त्यांनी तसे लिहून घेतले. आता तो नवा कागद नर्सबाईंच्या खोलीत देतात. मिस्त्रीने मला तिथेच देऊन टाकले, तेव्हापासून मीही याच खोलीत असते. ऑपरेशनला आलेली मोठ्या अंगाची माणसे दारातून आधी खुर्च्यांकडे बघतात, कोणती मोडणार नाही याचा अंदाज घेतात, आणि मग माझ्याकडे येतात. माझ्या एका पायाला करवतीची खाच आहे, पण मी भक्कम आहे. त्यांची भीती माझ्या पट्ट्यांत येते. छाती कशी धडधडते, ते मला त्यांच्या माणसांच्या आधी कळते. पण माझ्याने ते कुणाला सांगवत नाही. अकरा वर्षे जिची पाठ मी सांभाळली, तिच्या वेळीही सांगवले नाही.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे, हात आहेत. तुमच्या घरात दुखण्यातून उठणारे कोणी असेल, तर "आता बरंय" या शब्दांवर जाऊ नका. कधी कधी ते शब्द तुम्हाला बरे वाटावे म्हणून असतात. जवळ बसा. अंगाला हात लावून पाहा. गरम लागले तर मोठ्यांना हाक मारा, आणि त्यांनी हसण्यावारी नेले तर पुन्हा मारा. उशी, खिडकी, खुर्ची, यांचे काय ते मागाहून बघता येते. आम्हाला कसली घाई नसते.