एका आसावर दोघी

मित्रांनो, प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्या खेळात बसणारी, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, राखाडी रंगाची मी एक जुनी मोटर आहे. माझी हकीकत सांगायची, तर ती भीतीपासूनच सुरू करावी लागते. मला जळण्याची भीती वाटते.

माझ्या पोटात केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली आहे आणि तिच्यावर वार्निशचा पातळ थर आहे. त्या थरावरच आमचे आयुष्य अवलंबून असते. वीज आली की मी फिरते; माझ्या आतली दातेरी चाके तो वेग कमी करून बळ वाढवतात. मी सावकाश चालते, पण नेटाने ओढते. मात्र मला फिरू दिले नाही आणि वीज तशीच येत राहिली, तर तिची नुसती उष्णता होते. वार्निश वितळते, तार काळी पडते.

हे माझ्या शेजारीच घडले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका घरात आमचे खोके प्रथम उघडले, तेव्हा आम्ही दोघी होतो, एकाच साच्यातल्या. तिथल्या मुलाने आमच्याकडून पवनचक्की फिरवली, आकाशपाळणा फिरवला. पाहुणे कौतुक करीत. एके दिवशी माझ्या बहिणीची गाडी भिंतीला अडली आणि मुलगा हसत बटण दाबूनच राहिला. तिचा आवाज घोगरा झाला, मग बंद पडला. खोलीभर जळका, गोडसर वास पसरला. तिला कचऱ्यात टाकले. मला खोक्यात ठेवले आणि तो वास माझ्यासोबत खोक्यात आला.

पुढे तो मुलगा मोठा झाला, खोके माळ्यावर गेले. काही वर्षांनी त्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी ते मागून घेतले आणि अंकुशनगरला राहणाऱ्या आपल्या भाचीला, दीपमालाला, दिले. दीपमालाचे वडील संपत हे साखर कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतात. साहजिकच तिने ठोकळ्यांचा ट्रॅक्टर बांधला, त्याला ट्रॉली जोडली आणि ट्रॉलीत उसाची बोटभर कांडकी रचली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला ही भरलेली ट्रॉली तिरप्या फळीवर चढवून दाखवायची होती. तिच्याजवळ मोटर म्हणून मी एकटीच होते.

मी जीव तोडून ओढले. निम्मी फळी चढले आणि थांबले.

तिची मोठी बहीण भावना दारात उभी होती. "दीपे, याला ढकलायला एक माणूस संगं द्यावा लागंल बघ!"

"हसू नको ताई," दीपमाला म्हणाली. "एकानं न्हाई निघत तं दुसरा लावायचा. पप्पा न्हाई का लावत?"

मित्रांनो, तिचे म्हणणे निराधार नव्हते. हंगामात भरलेली ट्रॉली काळ्या मातीत रुतली की तिकडे एका ट्रॅक्टरपुढे दुसरा ट्रॅक्टर साखळीने बांधतात. हे तिने लहानपणापासून पाहिले होते. तिने रिमोटच्या एका मोडक्या गाडीतून पांढरी मोटर काढली आणि आम्हा दोघींना चाकांच्या एकाच आसावर जोडले.

ती पांढरी मोटर दुष्ट नव्हती; तिला हळू चालणे ठाऊकच नव्हते. बटण दाबताच तिने झेप घेतली आणि मी तिच्यामागे खेचली गेले. माझे दाते किंचाळू लागले. तिचे बळ गाडी ओढण्यात जाण्याऐवजी मला फरफटवण्यात जात होते, आणि माझे बळ तिला आवरण्यात. फळीवर तर दोघीही अडलो. दीपमालाला वाटले, जोर कमी पडतो आहे. तिने आणखी सेल जोडले. माझी पाठ तापली. मग मला तो वास आला. या वेळी तो माझ्याच पोटातून येत होता.

तेवढ्यात संपत पाळीवरून घरी आले. "कशाचा वास येऊ राह्यला गं? बंद कर आधी, जल्दी!"

त्यांनी मला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. "माय, जाळतीस का काय हिला?"

"पण पप्पा, तुम्ही बी दोन लावता की."

"लावतो ना. पण माह्या जोडीच्या सर्जेरावचा ट्रॅक्टर माह्यापेक्षा पळतो. म्हणून आम्ही आधी एकमेकाला गिअर सांगतो. त्यानं खालचा गिअर टाकला की दोघं बराबर चालतात. एक डाव न्हाई सांगितलं तं साखळीच तुटली. काच फुटली माही, डोळा वाचला."

दीपमालाने आम्हा दोघींना वेगळे केले. आसावर खडूची खूण केली. एकदा मला एकटीला जोडून ती खूण किती भरभर फिरते ते पाहिले, एकदा पांढरीला. पांढरीला लहान दातेरी चाक बसवले, त्यापुढे मोठे, त्यापुढे आणखी एक. दोघींची खूण सारख्याच चालीने फिरेपर्यंत ती चाके बदलत राहिली.

तरीही पुन्हा जोडताना मला तो वास आठवला. पण तिने बटण दाबले ते माझ्या पाठीवर बोट ठेवूनच. कोणी कोणाला ओढले नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी प्रत्येकाला एकच संधी होती. आम्ही फळी चढू लागलो, आणि वरच्या टोकाशी उसाचे एक कांडके घसरून चाकाखाली अडकले. आम्ही जागच्या जागी थांबलो. वीज येतच होती. मुले ओरडत होती. भावना सर्वांत मोठ्याने ओरडली, "दाबून धर, दीपे! सोडू नको! आलंच वर!"

माझ्या बहिणीला भिंतीशी धरून ठेवणारे ते बोट मला आठवले. पाठ तापली. पोटात वास उठला.

दीपमालाचे एक बोट माझ्या पाठीवर होते; बटणावरचे तिने उचलले.

गाडी मागे घसरली, कांडकी शाळेच्या पटांगणात विखुरली, मुले हसली. सरांनी पुढचे नाव पुकारले.

"येडी आहेस का? वीतभर राहिलं व्हतं!" भावना चिडून म्हणाली.

दीपमालाने मला तळहातावर घेतले होते. "ताई, हिला हात लावून तं बघ."

भावनाने हात लावला. मग ती खाली बसली आणि कांडकी वेचू लागली.

दुसऱ्या दिवशी, घरच्या पायरीवर लावलेल्या फळीवरून, आम्ही दोघींनी तोच ऊस वर नेला. पाहायला फक्त घरचीच माणसे होती.

मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. बटणाचा आवाज झाला की आजही माझी तार आखडते. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त तापतो. म्हणून एवढीच विनंती आहे. आमच्यासारख्या कोणालाही कामाला जुंपाल, तेव्हा एक बोट बटणावर असू द्या आणि दुसरे आमच्या पाठीवर.