श्रीची ओळ मोजायची नाही

१.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात इंदूबाईंच्या घरी गणिताचा क्लास चालायचा. पुढे त्यांची मुलगी ज्ञानदा बसे, मागे भिंतीला टेकून तिच्याहून चार वर्षांनी मोठा जयंत. जयंताची आई लवकर गेली होती, म्हणून दर गुरुवारी क्लास सुटला की त्याचं पान इंदूबाईंकडेच मांडलं जाई. क्लास बंद होऊन बारा वर्षं झाली. गुरुवार चालूच आहे.

१. क्लास.
२.

त्या दोघांनी मोठेपणी मिळून एक प्रोग्राम केला. नाव ठेवलं पाटी. ऑफिसात अर्ज येतात. कोणता पुढे पाठवायचा, कोणता परत करायचा, याचे नियम बाबू लोकांनी साध्या हिंदीत लिहायचे, 'गाँव का नाम खाली हो तो वापस', आणि पाटीनं ते वाचून कामाला लागायचं. हा वाचणारा भाग ज्ञानदानं लिहिला, एकटीनं. माणसं शोधणं, मीटिंगा, सह्या जयंताकडे. समता कॉलनीत दाताच्या दवाखान्यावरची एक खोली त्यांनी भाड्यानं घेतली. त्याच महिन्यात ज्ञानदाला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं होतं.

"जा ना," जयंत म्हणाला होता. "मी आहोच इथं, एकटाच भुंकत."

ती गेली नाही.

१. क्लास. २. पाटी.
३.

पहिलं गिऱ्हाईक नव्या रायपुरातलं एक ऑफिस, आणि तिथले दयाराम बाबू. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला.

"दीदी, आपकी पाटी बोलती है बारहवीं लाइन में गलती. बारहवीं में तो कुछ नहीं है. ग्यारहवीं में है."

ज्ञानदानं फाइल मागवली. अगदी वर, मधोमध, लिहिलं होतं: श्री. दयारामांच्या पडद्यावर ओळींना आकडे नसत. ते काचेवर बोट ठेवून मोजत, आणि श्री सोडून मोजत.

"वो भी तो एक लाइन है, भैया."

"भगवान का नाम गिनती में थोड़े आता है, दीदी."

ती हसली आणि प्रोग्राममधे तीन ओळी घातल्या: पहिल्या ओळीत नुसतं श्री असेल तर मोजणी तिच्या खालून सुरू करायची.

"जगात कोणता प्रोग्राम असा मोजते?" जयंतानं विचारलं.

"आपला."

आणखी एक खोडी तिनं केली, ती जयंतालाही सांगितली नाही. फाइलमधे श्री असेल आणि खाली काहीच नसेल, तर पाटी म्हणे: 'दयाराम भैया, बोहनी तो कीजिए.' निदान भवानी तरी करा, अशा अर्थानं. कोरी फाइल कोण चालवतो? आठ वर्षांत हे वाक्य कोणाच्या नजरेला पडलं नव्हतं. तिला मात्र ते तिथं आहे एवढं माहीत असणं पुरे होतं.

१. क्लास. २. पाटी. ३. श्री.
४.

सुरुवातीला नियम चाळीस ओळींचे होते. आता अकरा हजार. आणि पाटी लंगडू लागली.

कारण असं, की पाटी प्रत्येक शब्दाशी थबके आणि स्वतःला विचारी, हा शब्द कितव्या ओळीवर आहे? उत्तर काढायला ती फाइलच्या डोक्यापासून मोजत येई. एक, दोन, तीन, इथवर. मग पुढचा शब्द. पुन्हा डोक्यापासून, एक, दोन, तीन. जितकं पुढे जावं तितकं मागून यावं. चाळीस ओळींत ते कोणाला जाणवलं नाही. अकरा हजारांत बावीस मिनिटं लागत. दयाराम बाबू बटण दाबून चहाला जात, परत येत, पडदा पाहत, पुन्हा चहाला जात.

तीन वर्षांपूर्वीच ज्ञानदा म्हणाली होती, "जयंतदादा, हे मोजणं बदलते मी. फार नाही, चार दिवस."

"चालत्या गाडीचं इंजिन काहून खोलून राहिली? कोणी ओरडून राहिलं का? नवीन रिपोर्टचं पाह्य आधी."

आणि दर वेळी आधी पाहायला काहीतरी दुसरं निघत गेलं.

१. क्लास. २. पाटी. ३. श्री. ४. बावीस मिनिटं.
५.

सोमवारी त्या ऑफिसातून पत्र आलं. सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेल्या पूर्णिमा मॅडमची सही. नागपूरच्या एका नव्या कंपनीनं नियमगती नावाचा प्रोग्राम दाखवला आहे. हेच नियम तो पाच सेकंदांत वाचतो. गुरुवारी दोन्ही शेजारी शेजारी चालवून पाहू. चांगला तो राहील. बाकीची ऑफिसं या ऑफिसाकडे पाहूनच चालत. इथून पाटी गेली म्हणजे सगळीकडून गेली.

जयंतानं पत्र टेबलावर सरकवलं. "गेली समज."

"दोन दिवस आहेत."

"दोन दिवसांत काय होते?"

होतं. तीन वर्षं डोक्यात तयार असलेली गोष्ट दोन दिवसांत हातावेगळी होते. फाइलवरून एकदाच हात फिरवायचा आणि कोणती ओळ कुठे सुरू होते ते एका यादीत लिहून ठेवायचं. मग वाचताना मोजायचंच नाही. चूक सापडली तरच यादी उघडायची आणि मधोमध बोट ठेवायचं: आधी की नंतर? उरलेल्या अर्ध्याच्या पुन्हा मधोमध. फार तर चौदा वेळा बोट ठेवलं की ओळ हातात. श्रीची ओळ यादीतही मोजायची नाही, हे ती विसरली नाही.

बुधवारी दुपारी खाली दवाखान्यात कोणाची तरी दाढ काढणं चाललं होतं, तेव्हा पाटीनं अकरा हजार ओळी चार सेकंदांत वाचल्या. ज्ञानदानं तीनदा चालवून पाहिलं. मग जयंताला हाक मारली.

"चार सेकंद?" तो म्हणाला.

"चार."

"बरं." त्यानं गाडीची किल्ली उचलली आणि जिना उतरून गेला.

थकला असेल बिचारा, तिला वाटलं. रात्री तिनं आईला सांगितलं, उद्या वांगी कर, त्याले आवडतात.

६.

जयंताच्या गाडीतून ती दोघं नव्या रायपुरात पोचली तेव्हा अकरा वाजले होते. दयारामांनी टेबलावर दोन कॉम्प्युटर लावून ठेवले होते. डावीकडे पाटी, उजवीकडे नियमगती. नागपूरहून कोणी आलं नव्हतं. त्यांनी प्रोग्राम पाठवून दिला होता. जयंत खिडकीपाशी जाऊन फोन पाहत उभा राहिला.

पाटी: चार सेकंद. नियमगती: पाच.

"पाटीला मानलं मी," पूर्णिमा मॅडम म्हणाल्या. "सोमवारपर्यंत बावीस मिनिटं घेत होती ना ही? दयारामजी, अब कोई गलती डालिए. कोण नीट सांगतं पाहू."

दयारामांनी वरून पाचव्या ओळीतला एक कंस दोन्ही कॉम्प्युटरांवर उडवला. पाटी म्हणाली, ओळ चार. दयारामांनी समाधानानं मान हलवली. नियमगती म्हणाली, ओळ चार.

"हाँ. ये भी श्री को नहीं गिनता," दयाराम म्हणाले. "समझदार लोग हैं."

ज्ञानदानं उजवा पडदा पुन्हा वाचला. नागपुरातही कोणी बाबू असेल, तोही श्री सोडून मोजत असेल, तिनं स्वतःला सांगितलं. असू शकतं. माणसं सगळीकडे सारखीच. तिनं खिडकीकडे पाहिलं. जयंताचा अंगठा फोनवर थांबला होता, पण मान वर झाली नव्हती.

"भैया, एक काम करो. सब मिटा दो. सिर्फ श्री रहने दो. दोनों में."

"खाली फाइल, दीदी?"

"हाँ."

डावीकडे पाटी म्हणाली: दयाराम भैया, बोहनी तो कीजिए.

दयाराम मनापासून हसले. "अरे, ये कब से है? आपने बताया नहीं." हसता हसता त्यांनी दुसरं बटण दाबलं आणि उजवीकडचं मोठ्यानं वाचलं, एकेक शब्द तोडून, "दयाराम भैया, बोहनी तो कीजिए." मग हसू थांबलं. "दीदी, ये नागपुर वाले हमको कैसे जानते हैं?"

पूर्णिमा मॅडमनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"ज्ञानदा, हे कसं काय? मग दोघांत फरक काय राहिला?"

"काही नाही, मॅडम. दोन्ही मीच लिहिलंय."

"म्हणजे तुम्हीच त्यांना दिलंत?"

"मी नाही दिलं."

मॅडमची नजर तिच्यावरून निघाली आणि हळूहळू खिडकीपाशी जाऊन थांबली. त्यांनी दोन्ही पडद्यांचे फोटो काढून घेतले. "आज निर्णय होणार नाही," त्या म्हणाल्या. "हे मला लेखी लागेल. तुमच्याकडून, ज्ञानदा."

७.

कॉरिडॉरमधे जयंत तिच्या मागून आला.

"तुले सांगणारच होतो मी."

"कधी?"

"तिकडचं पक्कं झालं की. तुलेही घेणार होते ते. मी बोललो होतो तुझ्यासाठी."

"माझ्याच पाटीवर मले नोकरी देऊन राहिला होता तू."

"हे पाह्य, ओरडू नको."

"मी ओरडली का?"

ती ओरडली नव्हती. शेजारून फाइली घेऊन जाणाऱ्या शिपायानं वळूनही पाहिलं नव्हतं.

"मोजणं तू केव्हा ठीक केलं?" तिनं विचारलं.

त्यानं गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तीन वर्षं झाली."

"मी म्हटलं होतं, त्यानंतर?"

"त्याच महिन्यात. तू सांगितलं होतं ना कसं करायचं, यादी करून, तसंच. चांगलं समजावून सांगते तू."

"म्हणजे पाटीले लंगडी ठेवली, नियमगतीले पळवली."

"दोन्ही पळाल्या असत्या तर नागपूरवाल्याहिले कोणी घेतलं असतं?" हे तो अगदी सरळपणे म्हणाला, एखादं गणित समजावल्यासारखं. मग आवाज खाली आणला. "काकूले नको सांगू."

तिला वाटलं होतं तो पुढे आणखी काही बोलेल. माफी मागेल, नाहीतर चिडेल. पण त्याचं तेवढंच होतं. आठ वर्षांतलं त्याला आता एकच लपवायचं होतं, आणि तेही तिच्यापासून नाही, तिच्या आईपासून.

"चल, सोडतो तुले घरी. इथं बस भेटत नाही लवकर."

"भेटते."

बस खरोखरच भेटत नव्हती. रस्ता एवढा रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, आणि त्यावर एखादी कार. त्यातली एक जयंताची. ती स्टॉपपाशी सावकाश झाली, क्षणभर थांबली, पुढे गेली. ज्ञानदानं तिच्याकडे पाहिलं नाही. मांडीवर लॅपटॉपची बॅग होती, तिचा पट्टा ती बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती.

'मी आहोच इथं, एकटाच भुंकत.' तेव्हा तिला ते एकटेपण वाटलं होतं. 'नवीन रिपोर्टचं पाह्य आधी.' त्याची ती काळजी वाटली होती. 'बरं' हा थकवा वाटला होता. एकेक वाक्य उचलून पाहावं लागत होतं, आणि ते पाहायचं तर त्याच्या आधीचंही. आईच्या क्लासात, चार वर्षांनी मोठा असूनही, तो मागून तिच्या वहीतलं बघून लिही, तेसुद्धा.

फोन वाजला. आई.

"वांगी झाली. भाकरी मी तुम्ही आल्यावर टाकते. जयंताचं पान वाढू ना?"

"नको."

"काहून? तो नाही येऊन राहिला?"

"नाही."

"आज गुरुवार आहे, पोरी."

"माहीत आहे."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा. आठवीच्या मुलांचं उदाहरण चुकलं की विचारायच्या, त्याच आवाजात इंदूबाई म्हणाल्या, "काय झालं? मधूनच नको सांगू. पहिल्यापासून सांग."

लांबवर, उन्हात, बस दिसल्यासारखं झालं. ती यायला अजून वेळ होता.

"आई," ज्ञानदा म्हणाली, "आपला क्लास होता ना."

१.