काडी, बोट, पंजा

आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. तिथल्या फळ्यावर रोज एक इंग्रजी शब्द चढायचा. साधासुधा नाही; एखाद्या प्राध्यापकालाही डिक्शनरी उघडावी लागेल असा. शब्दाखाली मराठी अर्थ, अर्थाखाली आणणाऱ्याचं नाव. एकदा नाव लागलं की तो शब्द त्याचा. 'डेलिटेरियस', म्हणजे घातक, हा गुणवंतरावांचा. 'कॅकॉफनी', म्हणजे कर्कश गोंगाट, ही पुनमची. विक्कीचा होता 'पल्क्रिट्यूड'. ऐकायला रोगाचं नाव वाटतं, अर्थ मात्र सौंदर्य. दुसऱ्याचा शब्द कुणी बोलण्यात बरोबर बसवला, तर त्यानं मालकाला चहा पाजायचा.

हा नियम गुणवंतरावांनी घातलेला. ते शाळेतून निवृत्त झालेले क्लार्क. आयुष्यभर साहेबांची इंग्रजी पत्रं टाइप करून एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. "साध्या इंग्रजीले कोणी भेत नाई बाबू," ते म्हणायचे. "जड शब्द फेकला का समोरचा खुर्ची देते." आम्ही सगळे मराठी शाळेतले, मुलाखतीत स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतानाही घाम फुटणारे. आम्हाला ते पटलं. मला तर फारच पटलं. मी एम.ए. इंग्रजी, वय एकोणतीस, घरी बसलेला. सगळ्यात जास्त शब्द माझ्या नावावर होते आणि त्याचा मला माज होता. तेव्हा मी त्याला अभ्यास म्हणायचो.

कलाबाई आमच्या शेजारच्या. माझी आई गेली त्यानंतर दोन वर्षं माझी भाकर त्यांच्या चुलीवर भाजली गेली. त्यांचा मुलगा तेलंगणात कामाला, घरी त्या एकट्या. गावापलीकडे चुनखडीची खाण आहे, सिमेंट कंपनीची. रोज दुपारी दोनला भोंगा वाजतो आणि मग सुरुंग उडतो. कलाबाईंच्या मागच्या भिंतीला भेग पडली, ती वाढत गेली. मराठीत दोन अर्ज त्यांनी कंपनीच्या गेटवर नेऊन दिले. एकाचंही उत्तर आलं नाही.

मग खाण वाढवायची ठरली आणि जनसुनावणी लागली. कलाबाई अभ्यासिकेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या फळ्याकडे त्यांनी देवाकडे बघावं तसं बघितलं.

"प्रणित, बाप्पा, मराठीतले दोन अर्ज गेले कुठी तं. आता तुमच्या इंग्रजीत लिहून दे. आन् हे लिहाचं विसरू नोको. उन्हाळ्यात भेगीत आगपेटीची काडी जाये. दिवाळीले बोट जाये. आता माया पंजा जाते पुरा. खोटं वाटन तं साहेबाले म्हणाव, ये आन् हात घालून पाह्य."

मी वहीत टिपून घेतलं. काडी, बोट, पंजा.

संध्याकाळी आम्ही अर्ज लिहायला बसलो आणि तिथेच त्या बाईचं वाटोळं झालं. कारण अर्ज कलाबाईंचा असला तरी शब्द आमचे होते, आणि आपला शब्द खऱ्या सरकारी कागदावर जावा असं प्रत्येकालाच वाटत होतं. गुणवंतरावांचा 'डेलिटेरियस' पहिल्याच ओळीत बसला. पुनमच्या 'कॅकॉफनी'साठी भोंग्याचं एक वाक्य वाढवलं. विक्की रुसला, तेव्हा गावाच्या पल्क्रिट्यूडचा नाश झाला असंही लिहिलं. आमच्या गावाचं सौंदर्य! उकिरडे, खड्डे आणि अंगणभर पांढरी धूळ. माझे सात शब्द मी स्वतः घातले, कारण पेन माझ्या हातात होता. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांनी आपापलं ताट वाढून घ्यावं आणि नवरी उपाशी राहावी, तसं चाललं होतं.

"ते काडी-बोटवालं राहू द्या ना," पुनम एकदा म्हणाली.

"गावंढळ वाटते ते," मी म्हणालो. "एवढ्या भारी इंग्रजीत आगपेटीची काडी कुठी टाकू?"

पुनमनं पुढचं वाक्य वाचायला घेतलं. तिची कॅकॉफनी आत गेली होती.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. मांडवात जिल्ह्याचे अधिकारी, बाजूला कंपनीचे साहेब, समोर सतरंजीवर गाव. कलाबाईंचं नाव पुकारलं. त्यांच्या वतीनं मी उठलो आणि अर्ज वाचला. अडीच मिनिटं. एकही शब्द अडखळलो नाही. मागून गुणवंतरावांनी टाळी सुरू केली आणि सगळं पटांगण वाजलं. एका अक्षराचाही अर्थ न कळता लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते, आणि खरं सांगतो, त्याइतकं सुख मला आजवर कशानं झालेलं नाही.

अधिकारी म्हणाले, "इंग्रजी छान आहे. थोडक्यात सांगा, नुकसान काय आणि किती?"

तेव्हा तोंड उघडून तीन शब्द म्हणायचे होते. माझ्या कानात अजून टाळ्या होत्या. मी म्हणालो, "ऑल इज मेन्शन्ड, सर."

त्यांनी कागदावर शिक्का मारला. कलाबाई उठून हात पुढे करत म्हणाल्या, "साहेब, माया पंजा..." पण तुमच्या वतीनं बोलून झालं आहे, असं सांगून माइकवाल्यानं पुढचं नाव पुकारलं. त्या खाली बसल्या. माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा.

मांडवाबाहेर कंपनीच्या एका साहेबांनी मला गाठलं. म्हणाले, "हुशार आहात. आम्हाला गावातलाच, इंग्रजी येणारा माणूस हवाय." पंधरा दिवसांत मी गावसंपर्क सहायक झालो. गळ्यात ओळखपत्र, डोक्याला पिवळं हेल्मेट. अभ्यासिकेत पेढे वाटले. सगळ्यात आधी पेढा कलाबाईंनी घेतला आणि माझ्या कपाळाला बोटं लावून स्वतःच्या डोक्यावर कडाकडा मोडली.

चौथ्या महिन्यात सुनावणीतल्या हरकतींच्या फायली माझ्या टेबलावर आल्या. माझाच अर्ज मला परत वाचायला मिळाला. साहेब म्हणाले, "यात भेगेचं माप नाही, तारीख नाही, काहीच नाही. नामंजूर लिहा. आणि हे असलं इंग्रजी आपल्याकडे नको. चार साधी वाक्यं लिहा. उद्या कोर्टात गेलं तर सगळ्यांना कळलं पाहिजे."

माप मला माहीत होतं. माझ्या जुन्या वहीत ते अजूनही लिहिलेलं होतं. "सर, मी बघितलंय ते घर," एवढं म्हणायला कितीसा दम लागतो? पण नोकरी अजून कच्ची होती आणि पक्की व्हायला दोन महिने उरले होते. मी चार साधी वाक्यं लिहिली. त्यात एकही जड शब्द नव्हता. खाली सही केली.

आठवड्यानं, रविवारी दुपारी, कलाबाईंनी मला हाक मारली. त्या मागच्या भिंतीपाशी बसल्या होत्या. भेगेत जुनं लुगडं कोंबलेलं होतं. हातात कंपनीचं पाकीट, नीट कडेनं फोडलेलं.

"पोस्टमन देऊन गेला. वाच ना बाप्पा. का म्हणते?"

मी कागद घेतला. माझ्या आधी त्यांचंच बोट कागदाच्या खालच्या टोकाला गेलं.

"हे सही तुई हाय ना? मी वळखली. अर्जावर बी असाच कोंबडीचा पाय काढला होता तू." त्यांचा चेहरा उजळला. "मंग तं झालंच काम! आपलाच पोरगा हाय तिथी. मी कालपासून साऱ्या गल्लीले सांगून राह्यली, प्रणितनं सही केली म्हून."

तेवढ्यात दोनचा भोंगा वाजला. त्यांनी सवयीनं भिंतीला हात टेकवला, पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. जमीन हादरली. लुगड्याच्या कडेनं थोडी माती गळाली.

"मावशी," मी म्हणालो, "नाई म्हणते यात. पैसे नाई भेटणार. भिंत बांधून नाई देणार."

त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाचं नावही चेहऱ्यावर नव्हतं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"कोण नाई म्हणते?"

फळ्यावर माझ्या नावाचे दोनशेच्या वर शब्द चढले होते. इथे एकाच अक्षराचा लागत होता, पहिलीतल्या पोरालाही लिहिता येतो असा. कलाबाई वाट बघत बसल्या. मला तो म्हणता आला नाही.