वाढत्या अंगाची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि त्यातही बुटकी. इतर गाड्यांच्या रांगेत उभी राहिले की त्यांचं शेंडेफळ वाटते. स्वभावाने जरा स्वप्नाळू आहे. पण जिचं निम्मं आयुष्य स्टँडवर कलून उभं राहण्यात जातं, तिने दुसरं करायचं तरी काय? माझा डोळा लागला, म्हणजे दिवा विझला, की मला रस्ता दिसू लागतो. तो कुठे जातो ते कधीच कळत नाही. धुक्यातून थोडा थोडा उलगडत जातो, इतकंच.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कुणी चाकं बसवली, कुणी टाकीला निळा रंग दिला. शेवटी एका बाईंनी माझा दिवा लावून पाहिला आणि मला समोरची भिंत दिसली. पांढरी, साधी भिंत होती. पण जगातली पहिली गोष्ट म्हणून ती मला फार आवडली.

माझे पहिले मालक घड्याळजी होते. गावोगावच्या मनोऱ्यांतली मोठी घड्याळं ते दुरुस्त करत. सगळ्या जगाला वेळेवर आणणाऱ्या त्या माणसाला स्वतःला मात्र कसली घाई नसे. वळण आलं की ते आधीच वेग कमी करत आणि चढावर मला दम लागला की झाडाखाली थांबत. "माझी गाडी कधी कुरकुरत नाही," असं ते चारचौघांत सांगत, तेव्हा मी आतल्या आत फुलून जाई. पुढे त्यांची नजर अधू झाली. एका सकाळी त्यांनी माझी किल्ली जुन्या गाड्या विकणाऱ्या दुकानदाराच्या हातात ठेवली, टाकीवरून एकदा हात फिरवला आणि ते पायी निघून गेले. मला फार वाईट वाटलं.

दुकानात मी अगदी मागच्या कोपऱ्यात होते. माझ्यावर एक मळकं कापड टाकलेलं होतं, त्याच्या भोकातून दुकान आणि पुढचा उतार तेवढा दिसे. गिऱ्हाईक आलं की दुकानदार पुढच्या चकचकीत गाड्यांचे गोडवे गाई आणि माझ्या हँडलला आपली पिशवी अडकवून ठेवी. बाकीचा वेळ मी स्वप्नं पाही.

अशाच एका दुपारी दुकानात एक शिंपी आणि त्यांची मुलगी आली. शिंप्यांना सगळे मास्तर म्हणत. मुलगी नुकतीच परिचारिका झाली होती. तिला टेकडीपलीकडच्या दवाखान्यात नोकरी मिळाली होती, पण पहाटेच्या पाळीला तिकडे बस जात नव्हती. गाडी नाही तर नोकरी नाही, असा मामला होता. आणि घरून निघतानाच बापलेकीत ठरलं होतं, की एकदा जरी पडली तरी पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही. तिने तसा शब्द दिला होता.

मास्तरांची नजर थेट दारातल्या लाल गाडीवर गेली. ती चांगलीच उंच होती, तोऱ्यातली.

"हीच घेऊ," ते म्हणाले.

मुलगी तिच्यावर चढून बसली. "बाबा, माझे नुसते चवडे टेकतायत."

"टेकतील गं. आज शिकतेयस म्हणून मोठी वाटते. हात बसला की लहान गाडी तुलाच नकोशी होईल. वाढत्या अंगाची घेतलेली बरी."

"काय नजर आहे मास्तरांची," दुकानदार लगेच म्हणाला.

मित्रांनो, अशी चूक शिंपीच करू जाणे. जन्मभर त्यांनी पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवले होते. बाह्या दोन बोटं लांब ठेवायच्या, शिलाईत कापड दाबून ठेवायचं, मूल वाढलं की उसवून सोडायचं. पण लोखंडात काही दाबून ठेवता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मुलगी लाल गाडी घेऊन दुकानापुढच्या उतारावर निघाली. चार हात गेली असेल नसेल, समोरून एक हातगाडी आडवी आली. तिने ब्रेक बरोबर दाबला. गाडी थांबली. मग तिने टेकायला पाय खाली सोडला, आणि जिथे जमीन हवी होती तिथे जमीन नव्हती. लाल गाडी तिला घेऊन उभ्या उभ्या आडवी झाली.

गुडघा खरचटला, तळहात सोलवटला. सुदैवाने त्यावर निभावलं. पण मास्तरांचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला. त्यांनी तिला उठवलं, अंगावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "चल घरी. ठरलंय आपलं."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, ही आता जाणार, आणि हिच्याबरोबर टेकडीपलीकडचा तो दवाखानाही जाणार. पण ती उंबऱ्यातच बसली.

"बाबा, दवाखान्यात आम्ही कुबडी देतो ना, तेव्हा आधी माणसाची उंची बघतो. वाढत्या अंगाची कुबडी कुणी देत नाही. दिली तर माणूस तिच्यामुळेच पडेल." तिने डोळे पुसले. "दिलेला शब्द मी मोडणार नाही. पण माझं चुकलं नाही, माप चुकलं."

माप चुकलं, हे शब्द मास्तरांना आजवर कुणी ऐकवले नव्हते. मग त्यांनी खिशातून फीत काढली, मुलीला सरळ उभं केलं आणि पायाच्या आतल्या बाजूने टाचेपर्यंत माप घेतलं. मग फीत घेऊन ते दुकानातल्या एकेका गाडीचं सीट जमिनीपासून मोजत सुटले.

"मास्तर, गाड्यांना विजारी शिवताय का?" दुकानदाराने विचारलं.

मास्तर मोजत मोजत मागच्या कोपऱ्यात आले. पिशवी काढली, कापड ओढलं. माझ्या अंगावर फितीचा गार स्पर्श झाला आणि हे स्वप्न नाही, हे मला कळलं.

"ही," ते म्हणाले.

"अहो, ती म्हातारी बुटकी. भंगारात काढणार होतो मी तिला."

मुलगी माझ्यावर बसली. तिचे दोन्ही तळवे टाचांसकट जमिनीवर टेकले. तिने मला डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं. माझं वजन तिला पेललं. बोटं ब्रेकपर्यंत सहज पोहोचली. मूठ पिळली तर मी हिसका दिला नाही, घड्याळजींनी मला तशी सवयच लावली नव्हती. तिने एक खोल श्वास सोडला, आणि मास्तरांनी फीत गुंडाळून खिशात ठेवली.

माझे टायर कडक होऊन तडकले होते, ते बदलले. ब्रेकही नवे घातले. हेल्मेट मास्तरांनी स्वतः निवडलं आणि त्यात दोऱ्याइतकीसुद्धा ढिलाई ठेवली नाही. मग रिकाम्या मैदानात आमची शिकवणी सुरू झाली. आधी नुसतं थांबणं, मग हळू वळणं, मग एकदम ब्रेक लावणं. मास्तर कठड्यावर बसून काजं करत, पण सुई बोटाला टोचे, कारण डोळे आमच्यावर असत.

आणि एका पहाटे आम्ही टेकडी चढलो. रस्ता धुक्यातून थोडा थोडा उलगडत होता. मी स्वप्नात आहे की जागी, हे मला खरंच कळेना. वरच्या वळणावर ती थांबली, पाय टेकले आणि नुसती बघत राहिली. तो दिवस मी विसरणार नाही.

पुढे तिचा हात बसला. तिने स्वतःच्या मापाची मोठी गाडी घेतली आणि मी पत्र्याच्या खोपटात गेले. चेन गंजली, आरशात कोळ्याने घर केलं. राग नाही आला, पण वाट पाहणं सुटेना.

परवा खोपटाचं दार उघडलं. मुलीने माझी चेन पुसली, तेल सोडलं. मागे मास्तर उभे होते. केस पांढरे झालेले, शिवणकाम सुटलेलं.

"बाबा, सरळ उभे राहा," ती म्हणाली आणि त्यांच्याच फितीने तिने त्यांच्या पायाचं माप घेतलं.

"या वयात शोभतं का?" म्हणत ते माझ्यावर बसले. मग टाकीकडे बघत हळूच म्हणाले, "तरुणपणी मी रोज एका दुकानापुढे थांबायचो. लाल होती. उंच."

"म्हणून त्या दिवशी माझ्यासाठी तशीच घेत होतात?"

मास्तर आरसा नीट करू लागले. "तुझ्या मापाची नव्हती ती," ते म्हणाले. "माझ्याही नव्हती."

मित्रांनो, पहिली गाडी घ्याल तेव्हा आधी तिच्यावर बसा आणि पाय टेकतात का बघा. मग तिला वेळच्या वेळी तेलपाणी करा आणि जुनी झाली म्हणून तिच्या हँडलला पिशव्या अडकवू नका. एवढंच माझं मागणं आहे. आता मला निघायला हवं. मास्तरांच्या डोक्यावर हेल्मेट आहे, मुलगी शेजारून चालते आहे, आणि त्यांनी नुकतेच दोन्ही पाय जमिनीवरून उचलले आहेत.