उत्तर धक्क्याचे अठ्ठावीस खांब

बंदराच्या नूतनीकरणाचा आराखडा लोकांना बघायला म्हणून पालिकेच्या सभागृहात लावला, त्या दिवशी दार उघडायच्या आधीच आत्या पायरीवर जाऊन उभी राहिली. नवे दिवे, नवी बाकं, बोटवाल्यांसाठी बांधायचा क्लब, यातल्या कशाचंच तिला अप्रूप नव्हतं. तिला तिचे आकडे बघायचे होते. साठी उलटली तरी तिनं लिहिलेलं काही आजवर कुठं छापून आलं नव्हतं.

आत्या म्हणजे बंदरावरच्या पाणबुड्याची थोरली बहीण. त्याची मुलगी लहानपणी तिला हाका मारत धक्काभर हिंडायची, त्यावरून सगळं बंदरच तिला आत्या म्हणायला लागलं. भाऊ पाण्याखाली उतरायचा आणि ही वर बसून त्याच्या कमरेची दोरी धरायची. अठरा वर्षं हेच काम. बंदरातलं पाणी इतकं गढूळ की खाली स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. भाऊ चाचपडत खांब शोधायचा, त्यात लोखंडी टोच्या खुपसून बघायचा आणि दोरीला हिसका द्यायचा. एक हिसका म्हणजे लाकूड धड, दोन म्हणजे शंका, तीन म्हणजे सडलं. आत्या खांबाचा नंबर आणि हिसके वहीत लिहून ठेवायची.

यंदा आराखड्यासाठी म्हणून दोघांनी अख्खा उन्हाळा दोन्ही धक्क्यांचे खांब तपासले होते. धक्के जुळ्या भावांसारखे, एकाच साली बांधलेले, चौऱ्याऐंशी-चौऱ्याऐंशी खांबांवर उभे. उत्तर धक्क्याला फेरीबोट लागायची. शाळेची पोरं, कामावर जाणारे, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, सगळी वर्दळ तिथली. दक्षिण धक्क्याला दहा-बारा शिडाच्या बोटी, त्याही सुटीच्या दिवशीच हलणाऱ्या.

नकाशा भिंतभर होता. सडलेले खांब लाल, धड खांब हिरवे. आत्यानं बोट लावून मोजायला सुरुवात केली. सतरा ते एकोणतीस सलग लाल. मग चौतीस. मग एक्केचाळीस, बेचाळीस. बरोबर, अगदी तिच्या वहीतल्यासारखं. पुढचेही जुळले, एकूण अठ्ठावीस. मग तिनं मान वर करून धक्क्याचं नाव वाचलं. दक्षिण.

शेजारी उत्तर धक्का नखशिखांत हिरवा होता. खाली लिहिलं होतं, 'पहिला टप्पा : रंगकाम व दिवे'.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ऐकलं होतं, आज भिंतीवर रंगवलेलं पाहिलं. तरी आत्याला आधी वाटलं, चूक झाली असेल. नकाशा काढणाऱ्याच्या हातून बाजू बदलली असेल. नकाशाजवळच पालिकेचा बिल्ला लावून तिच्या भाचीचा नवरा उभा होता. इंजिनिअर, आणि याच आराखड्यावर कामाला. ती त्याच्याकडे गेली.

"जावईबापू, तुमच्या नकाशात धक्के उलटे झालेत."

त्यानं नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "आत्या, इथे नको. संध्याकाळी घरी येतो."

तेवढ्यानं तिला कळायचं ते कळलं. चूक असती तर माणूस आधी नकाशाकडे बघतो.

संध्याकाळी तो आला. भाऊ आणि आत्या एकाच घरात राहत, भावजय वारल्यापासून ती तिथेच होती. आत्यानं चहा ठेवला, पण बसली नाही. जावई कपाकडे बघत बोलत होता.

"मोठे साहेब म्हणाले, धोकादायक बांधकाम पाडायचं असेल तरच वरून मंजुरी मिळते. आणि पाडायचा आहे दक्षिण धक्का. तिथे मोठ्या बोटींची सोय करायची आहे. उत्तर धक्का दुसऱ्या टप्प्यात आहे."

"दुसरा टप्पा कधी?"

"तीनेक वर्षांत."

"आणि तोवर फेरीची माणसं कशावर उभी राहणार? तुमच्या हिरव्या रंगावर?"

"आत्या, खांब काही आज पडत नाहीत. साठ वर्षं उभे आहेत."

"उभा तर मीही राहते. म्हणून माझ्या खांद्यावर फेरी बांधाल?"

भाऊ चमचा ढवळत बसला होता. साखर केव्हाच विरघळली होती. जावई गेल्यावर तो म्हणाला, "ताई, जाऊ दे. पोरीचं नुकतं कुठं मार्गी लागलंय. त्याच्या नोकरीवर आलं तर?"

"ते आकडे माझ्या अक्षरात आहेत."

"अक्षर तुझं. पाण्यात मी होतो."

"मग तू बोल."

त्यानं कपबशी विसळून ठेवली आणि आत जाऊन पडला. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावयानं केलं ते नोकरीपायी केलं. हा मात्र मूग गिळून बसला होता, आणि एकेका खांबात टोच्या मनगटापर्यंत गेला होता तो याच्या हातानं.

आठवड्यानं हरकती ऐकायची सभा होती. आत्या वही घेऊन गेली. भाऊही आला, मागच्या रांगेत बसला. बोलायची तिची पाळी आली तेव्हा तिनं उभं राहून सगळे नंबर वाचले. उत्तर धक्का, सतरा, सडका. उत्तर धक्का, अठरा, सडका. आधी लोक कुजबुजत होते, मग गप्प झाले. ती थांबल्यावर मोठे साहेब अगदी गोड हसले.

"आजी, तुमची तळमळ समजते. पण वही पाण्याजवळ असते, पानं भिजतात, मागेपुढे होतात. आमच्याकडे तज्ज्ञांचा अहवाल आहे."

दोन-चार जण हसले.

"पानं शिवलेली आहेत," आत्या म्हणाली.

"तसं असेल तर पाणबुडे इथेच बसलेत. त्यांनाच विचारू. काय हो, सडके खांब कोणत्या धक्क्याचे?"

भाऊ उठला. दोन्ही हातांत टोपी फिरवत राहिला. पुढच्या रांगेत जावई मान खाली घालून बसला होता, त्याच्या शेजारी भाची.

"बरेच दिवस झाले," भाऊ म्हणाला. "आता नक्की आठवत नाही."

सभा पुढच्या माणसाकडे वळली. आत्याला वाटलं, कुणी तरी भर चौकात आपल्या थोबाडीत मारली. साहेबाचा राग आला तो आला, पण साहेब परका. अठरा वर्षं हिनं याचा जीव मुठीत धरला होता. एकदा तो खाली जाळ्यात अडकला तेव्हा हातांची सालटी निघेपर्यंत ओढून काढला होता. त्याला आठवत नव्हतं. ती घरी गेली आणि जेवणं उरकून, कडी लावून झोपली.

सकाळी ती पहिल्या फेरीच्या आधी उत्तर धक्क्यावर गेली. धक्क्याच्या तोंडाशी लोखंडी कठड्याला आडवा दोर बांधला आणि त्यामागे खुर्ची टाकून बसली. पंधरा मिनिटांत चाळीस माणसं जमली. कुणाला परीक्षेला जायचं होतं, कुणाला कामाची पाळी गाठायची होती. शिव्या सुरू झाल्या.

"म्हातारी, उठ. खाडा पडेल माझा."

"पडू दे. तू पडण्यापेक्षा बरा."

फेरीचा कप्तान पाण्यातून ओरडून विचारत होता, बोट लावू की नको. आत्या म्हणाली, दक्षिण धक्क्याला लाव, तिकडचे खांब चांगले आहेत. कप्तान म्हणाला, तिकडे लावायची परवानगी नाही. असं तासभर चाललं. लोकांचा पारा चढत गेला आणि तो सगळा तिच्यावर. कालच्या सभेत गप्प बसलेले दोघे-तिघे आज सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते.

शेवटी पालिकेनं जावयाला पाठवलं. घरचा माणूस, समजावेल म्हणून. तो घाम पुसत आला.

"आत्या, साहेब पोलीस बोलावणार आहेत. उठा ना. माझ्यासाठी."

आत्या उठली. पण दोर सोडला नाही. कठड्याजवळची लोखंडी शिडी तिनं बोटानं दाखवली. ओहोटी होती.

"सतरा नंबरचा खांब या शिडीला लागूनच आहे. पाणी छातीएवढं. उतर."

इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्यालाही ते ऐकू आलं.

"कपडे आहेत अंगावर," तो म्हणाला.

"वाळतात. तू हिरवा रंग लावलास ना त्याला? एकदा हात लावून बघ. खांब धड असला तर मी दोर सोडते आणि सगळ्यांची माफी मागते."

माणसं कठड्याला दाटली. "उतर की," मागून कुणी तरी म्हणालं. त्यानं बूट काढले, घड्याळ काढून तिच्याकडे दिलं आणि उतरला. पाणी छातीला लागल्यावर त्याचा श्वास अडखळला. त्यानं पाण्याखाली खांबाला हात लावला.

"घट्ट आहे," तो वर बघत म्हणाला.

"वर घट्टच असतो. गुडघ्याजवळ बघ. जोरात दाब."

तो वाकला, हनुवटी पाण्याला टेकली. आणि मग त्याचा खांदा एकदम पुढे गेला, जसा दार लोटताना कडी नसली की जातो. तो तसाच राहिला. हात बाहेर काढला तेव्हा मुठीत काळा, भिजलेल्या पावासारखा लगदा होता. तो मुठीकडे बघत राहिला, मग धक्क्यावर उभ्या चाळीस माणसांकडे. एक बाई पोराचं बखोट धरून मागे सरली, तिच्यामागे बाकीचे.

"असे अठ्ठावीस," आत्या म्हणाली. "बाकीचे दाखवू?"

"नको," तो म्हणाला.

तो वर आला, ओल्या कपड्यांनीच कप्तानाला ओरडून सांगितलं, दक्षिण धक्क्याला लाव, परवानगी मी देतो. त्याला तसा अधिकार नव्हता. दुपारी त्यानं कार्यालयात बसून दोन ओळींचं पत्र लिहिलं, की नकाशातल्या बाजू बदललेल्या आहेत आणि ते मला माहीत होतं. खाली सही केली.

पुढे झालं ते असं. उत्तर धक्का बंद झाला. आराखडा परत गेला, आणि नव्यानं तपासणी करायचा हुकूम निघाला. मोठ्या साहेबांनी वर्तमानपत्राला सांगितलं, की त्रुटी आमच्याच दक्षतेमुळे उघडकीस आली. जावयाला आराखड्याच्या कामावरून काढून तपासणीच्या जागी नोंदी करायला बसवलं. त्याची बढती गेली.

भाची घरी आली ती तरातरा. "आत्या, बोलायचं होतं तर घरात बोलायचं. चारचौघांत त्याला पाण्यात उतरवलंस. काय मिळालं तुला?"

"घरात बोलले होते. चहा पिऊन गेला."

"तो वाईट माणूस नाही."

"नाही. म्हणून तर उतरला," आत्या म्हणाली. भाची रडली, पण पाणीही न घेता निघून गेली.

त्या रात्री जेवताना भावानं घसा साफ केला. "सोमवारपासून तपासणी आहे. सात वाजता ये."

"मी येणार नाही."

"मग दोरी कोण धरणार?"

"तुझा जावई धरेल. आणि नंबर त्याच्याच हातानं लिहू दे. तुला आठवत नाही ना."

भावानं घास खाली ठेवला. "चुकलो, ताई."

"हो," ती म्हणाली आणि त्याला भाजी वाढली. पण हो म्हणजे माफ केलं, असा त्याचा अर्थ नव्हता आणि हे त्यालाही समजलं.

सोमवारी ती गेली नाही. मंगळवारी बाजाराला म्हणून निघाली आणि पाय धक्क्याकडे वळले. भाऊ पाण्याखाली होता. जावई काठावर वही मांडीवर घेऊन बसला होता आणि दोरी त्याच्या बोटांत सैल लोंबत होती. ते बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"ताण ठेव," ती म्हणाली. "अशी दोरी धरतात होय? माणूस आहे खाली."

त्यानं दचकून दोरी घट्ट केली. मग तो ती आत्याकडे देऊ लागला. आत्यानं हात पुढे केला नाही. पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या मागे उभी राहिली, भाऊ शेवटचा खांब करून वर येईपर्यंत.